जुन्या ट्रकला अल्टरनेटर बसवताय? आधी वायरिंग बघा

ऊस किंवा पाण्याच्या टँकरवर अजून राबणाऱ्या जुन्या ट्रकांचं एक दुखणं ठरलेलं. इंजिन आयडलला आलं की हेडलाइट पिवळे पडतात अन् सकाळी धक्का मारायला चार माणसं लागतात. दोष दर वेळी बॅटरीचा नसतो. डायनॅमोला कमी फेऱ्यांवर पुरेसा करंट देताच येत नाही. अल्टरनेटर मात्र आयडललाही चार्जिंग करतो.

फिटिंग सोपं. ब्रॅकेट बसवून पुली बेल्टच्या सरळ रेषेत आणली की झालं. घात होतो वायरिंगमध्ये. जुनी चार्जिंग वायर साधारण 20-25 अँपिअरच्या हिशोबाची. त्याच वायरीवर 45 अँपिअरचा अल्टरनेटर जोडला आणि बॅटरी उतरलेली असली, तर वायर तापते, डॅशबोर्डातून धूर निघतो. म्हणून जाड वायर नवीन टाका, मध्ये फ्यूज हवाच. 30 अँपिअरचा जुना मीटर काढून व्होल्टमीटर लावा. रेग्युलेटर आतच असलेला अल्टरनेटर असेल तर जुना कटआउट बॉक्सही बाद.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तो न बदलता आजचा नेहमीचा अल्टरनेटर जोडला की डायोड गेलेच. चालू गाडीची बॅटरी काढून चार्जिंग बघायची जुनी सवयही सोडा, त्यानेही डायोड उडतात.

शेवटी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या गाडीत आकडा 14 च्या आसपास हवा, 24 च्या गाडीत 28. बारा व्होल्टला 15 च्या वर गेला, तर गाडी तशीच रस्त्यावर काढू नका.