एमेकच्या जुन्या लोहमार्गाने सायकलवरून

हैफा शहराच्या पूर्व स्थानकाच्या आवारात आज रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. तुर्कस्तानचा सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या कारकिर्दीत हैफाहून निघालेल्या लोहमार्गाचे ते स्मारक होय. हा मार्ग १९०५ साली सुरू झाला. किशोनच्या काठाने यिज्रेलच्या खोऱ्यात शिरून, अफुला व बेत शआन ओलांडून, यार्देन नदी पार करून तो किन्नेरेथच्या दक्षिण टोकावरील समख गावी जात असे. तेथून यार्मुकच्या खोल दरीतून तो देरा येथे चढे व दमास्कस-मदिना या हेजाझ रेल्वेला मिळे. हैफा ते समख हे अंतर सुमारे ८७ किलोमीटर. आपल्या मुलांनी शाळेत 'रकेवेत हाएमेक' हे नाव ऐकलेले असते. परंतु हिंदुस्थानातून आपली बहुतेक कुटुंबे या देशात येऊन पोहोचली तेव्हा ही गाडी बंद पडत होती किंवा पडून गेली होती. त्यामुळे आपल्या समाजात या गाडीने प्रवास केलेला माणूस आम्हांस तरी भेटलेला नाही.

या मार्गाच्या कडेने सायकलवरून जाण्याचा बेत आम्ही काही शिक्षक, पालक व तरुण मुले मिळून आखला, व पुरीमच्या सुट्टीत दोन दिवसांत तो पार पाडला. आमच्यासमवेत सामानाची एक मोटार होती, आणि मोटारीत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांची सारी नोकरी मुंबईस मध्य रेल्वेच्या परळ कारखान्यात गेली. आपल्या समाजातील किती घरांत रेल्वेची नोकरी होती हे वाचकांस सांगावयास नकोच. त्यांना सायकल चालविणे आता शक्य नाही, परंतु "रूळ नसले तरी भराव असेल ना? मला भराव पाहावयाचा आहे," एवढे सांगून ते पुढच्या आसनावर जाऊन बसले. मुले त्यांना आजोबा म्हणू लागली व आम्हीही तेच म्हणू लागलो.

हैफापासून आरंभीचा भाग कारखान्यांचा व अवजड वाहनांचा आहे. तेथे सायकल चालविण्यात आनंद नाही व धोका पुष्कळ आहे. म्हणून आम्ही कफार येहोशुआच्या जुन्या स्थानकापासून निघालो. हे स्थानक उत्तम रीतीने जतन केलेले आहे. दगडी भिंती, लाल कौले, पाण्याची टाकी. घाटावरच्या एखाद्या लहान स्थानकात उतरल्याचा भास व्हावा असा तो परिसर आहे. येथे आजोबांनी मुलांना पहिला पाठ दिला. मुंबईच्या मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे ६१०, आणि या एमेकच्या गाडीचे १०५०. हा विचित्र आकडा का? तर बैरूत-दमास्कस ही फ्रेंच कंपनीची रेल्वे त्याच मापाची होती, व हेजाझ रेल्वेने तेच माप उचलले. मात्र त्या फ्रेंच कंपनीवर अवलंबून राहावे लागू नये, रूळ, इंजिने, कोळसा स्वतःच्या बंदरातून आणता यावा, एवढ्याचसाठी हैफाची ही शाखा काढली गेली. हेजाझ रेल्वे जगभरच्या मुसलमानांच्या वर्गणीतून उभी राहिली व त्या वर्गणीत हिंदुस्थानातून आलेला पैसाही होता, हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा ती चकित झाली.

२०१६ सालच्या ऑक्टोबरमध्ये हैफा ते बेत शआन अशी नवी रेल्वे सुरू झाली. ती जुनीहून रुंद मापाची असून बऱ्याच अंशी जुन्याच वाटेने जाते. तिच्या भरावाशेजारून व शेतांमधून जाणारे रस्ते सायकलला सोयीचे आहेत. ट्रॅक्टरखेरीज वाहन क्वचितच भेटते. दोन्ही बाजूंस गहू गुडघ्याएवढा हिरवागार उभा होता. उत्तरेला नासरेथचे डोंगर, दक्षिणेस कर्मेलची रांग मागे पडत चाललेली. ठिकठिकाणी जुन्या मार्गाच्या दगडी मोऱ्या दिसतात. अशा प्रत्येक मोरीपाशी मोटार थांबे, आजोबा काठी टेकीत खाली उतरत व दगडांवरून हात फिरवीत. "हा सांधा पाहा मास्तर, शंभर वर्षांवर झाली, अजून उघडला नाही. आमच्या बोरघाटातले काम असेच आहे." मुले कंटाळतील अशी आम्हांस भीती होती. तिसऱ्या मोरीपासून तीच पुढे धावून मोऱ्या शोधू लागली.

एक सूचना येथेच करून ठेवतो. या खोऱ्याची माती आपल्या देशावरील काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस तरी या वाटेस जाऊ नये. चिखल चाकास असा धरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि मग ती दुप्पट जड झालेली असते.

अफुला हे या खोऱ्याचे पाणलोट. समुद्रसपाटीपासून उंची साठेक मीटर. याच्या पश्चिमेस पडलेले पाणी किशोनने भूमध्य समुद्रास जाते, पूर्वेस पडलेले हरोदच्या ओढ्याने यार्देनला. सायकलस्वारास हा भूगोल पायांनी कळतो. अफुलापर्यंत पाय मारावे लागतात, आणि तेथून पुढे चाके आपोआप धावू लागतात. २० सप्टेंबर १९१८ रोजी ब्रिटिश सैन्याच्या घोडदळाने हे ठाणे घेतले. त्या घोडदळात बहुसंख्य पलटणी हिंदी होत्या. तीन दिवसांनी जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या भालेकऱ्यांनी हैफा जिंकले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाच्या नावात २०१८ पासून 'हैफा' हा शब्द आला तो याचमुळे.

अफुलाच्या पुढे आम्ही गिल्बोवाच्या पायथ्याचे शेतरस्ते धरले. हा भाग मात्र सावकाश पाहावा. गिदोनाने पाणी पिण्याच्या रीतीवरून तीनशे माणसे निवडली तो हरोदचा झरा येथे आहे. पुरीमच्या सुमारास गिल्बोवाच्या उतारावर जांभळी आयरिसची फुले फुलतात. ती तोडण्यास कायद्याने बंदी आहे, व मुलांनी ती पाळली. झऱ्याकाठी आम्ही आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या सोडल्या. आपल्या आज्या पुरीमला 'होळीचा सण' म्हणत; पुरणपोळी ही त्या दिवसाची, आणि सायकलच्या प्रवासाला तिच्यासारखा शिधा नाही. ती चुरगळत नाही, सांडत नाही, व एका पोळीवर दहा किलोमीटर सहज निघतात. बेत अल्फा येथील सहाव्या शतकातील सिनेगॉगची फरशी १९२८ साली किबुत्झच्या लोकांना पाण्याचा चर खणताना सापडली. तीवर राशीचक्र आहे, इसहाकाच्या अर्पणाचे चित्र आहे, व ती घडविणारे मारियानोस आणि हनिना या बापलेकांची नावे आहेत. आजोबांनी त्या नावांकडे बराच वेळ पाहिले. "आमच्या मोऱ्यांवर कोणी नाव घालीत नसे," एवढेच म्हणाले.

मुक्काम बेत शआनच्या परिसरात केला. येथील तटावर पलिष्ट्यांनी शौल राजाचे शव टांगले, आणि याबेश-गिलादच्या शूर पुरुषांनी रातोरात चालत येऊन ते उतरवून नेले. याबेश-गिलाद नदीच्या पलीकडे, म्हणजे आज जॉर्डनच्या राज्यात. ही कथा मुलांना त्या रात्री आम्ही वाचून दाखविली, कारण दुसऱ्या दिवशीचा प्रश्न तोच होता, नदीचा.

हा प्रश्न निघण्यापूर्वीच उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही गेशेर येथे जुना पूल पाहणार होतो. त्याच्या लगतच नहारायिम. हे नाव ऐकताच आमच्यातील एका मातेने स्पष्ट सांगितले, "तुम्ही खुशाल जा. माझी मुलगी बेत शआनपर्यंतच येईल." १३ मार्च १९९७ रोजी, अदार महिन्यातच, बेत शेमेशच्या शाळेच्या मुली नहारायिमला सहलीस गेल्या असता एका जॉर्डनी सैनिकाने त्यांच्यावर गोळीबार केला. सात मुली मृत्यू पावल्या. ज्या शिक्षकाने एकदा तरी मुलांची सहल नेली आहे त्याला ही बातमी विसरता येत नाही. बसमध्ये चढताना व उतरताना मुले मोजण्याची आमची सवय पूर्वीपासूनची. त्या दिवसानंतर ती मोजताना हात थरथरू लागला. तेव्हा त्या मातेशी वाद घालणे आम्हांस योग्य वाटले नाही. आम्ही फक्त वस्तुस्थिती सांगितली. आज आपण जेथे जाणार ती जागा सीमेच्या अलीकडची आहे. ज्या भूभागावर ती घटना घडली तो १९९४ च्या करारातील व्यवस्थेची मुदत संपल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये जॉर्डनने परत आपल्या ताब्यात घेतला, व तेथे आपणांस जाता येत नाही. जाण्यापूर्वी आम्ही स्थळाच्या व्यवस्थापकांकडे चौकशी करू, व परवानगी नसेल तर परत फिरू. त्या बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच मोटारीत आजोबांच्या मागे येऊन बसल्या, मुलीसह.

बेत शआनच्या उत्तरेस आम्ही सायकली मोटारीवर चढविल्या. नव्वद क्रमांकाचा रस्ता वेगवान वाहनांचा आहे, सीमेच्या कुंपणाजवळील वाट नागरिकांना बंद आहे, आणि खुद्द जुना लोहमार्ग तर गेशेरपाशी नदी ओलांडून पलीकडेच जात असे. त्यामुळे हा तुकडा सायकलने करण्याचा हट्ट कोणी धरू नये.

गेशेर येथे तीन पूल एकमेकांशेजारी आहेत. एक प्राचीन दगडी, एक १९०५ चा रेल्वेचा, एक ब्रिटिशांनी १९२५ साली मोटारींसाठी बांधलेला. येथे लोहमार्ग समुद्रसपाटीखाली २४६ मीटरवर होता. याहून खाली आगगाडी कोठे धावली नाही, असे सांगतात. जवळच पिन्हास रुटेनबर्ग यांचे वीजकेंद्र १९३२ पासून या देशाला वीज पुरवीत होते. १९४८ च्या युद्धात ते बंद पडले ते कायमचे. पुलांचेही तसेच झाले. जून १९४६ मध्ये, पुलांची रात्र म्हणून जी प्रसिद्ध आहे त्या रात्री, पालमाखने यार्मुकवरील रेल्वेचा पूल उडविला व हैफा-दमास्कस रेल्वे तुटली. मे १९४८ मध्ये, शत्रूचे रणगाडे येऊ नयेत म्हणून, गेशेरचे पूल आपल्याच लोकांनी उडविले. ते केले नसते तर काय झाले असते हे गेशेरच्या रहिवाशांना विचारावे. इराकी सैन्याचा वेढा त्यांनी सोसला आहे. तरीही, ज्या माणसाने आयुष्यभर डब्यांची चाके दुरुस्त केली त्याच्या शेजारी उभे राहून तुटलेली कमान पाहणे सोपे नव्हते. आजोबांनी विचारले, "गाडी बंद झाल्यावर इथल्या स्टेशनमास्तरांचे काय झाले? पॉइंटसमन, गँगमन, त्यांना कुठे घेतले?"

याचे उत्तर अर्धे तरी त्सेमाखला मिळते. तेथे आम्ही पुन्हा सायकलींवर बसलो व किन्नेरेथच्या काठाने थोडे फिरून जुन्या स्थानकाकडे गेलो. स्थानकाच्या इमारती आता महाविद्यालयाच्या आवारात डागडुजी करून उभ्या आहेत. २५ सप्टेंबर १९१८ रोजी पहाटे ऑस्ट्रेलियाच्या घोडदळाने याच दगडी भिंतींवर हल्ला केला होता. स्थानकाभोवतीचे समख हे अरब गाव; रेल्वेमुळे ते वाढले, व १९४८ च्या एप्रिलमध्ये युद्धात ते रिकामे झाले. रेल्वेचे कित्येक नोकर त्याच गावचे असणार. आम्ही हे आजोबांना मराठीत सांगितले व मुलांना हिब्रूत. मुलांपैकी एकाने विचारले की ते लोक परत आले का. आले नाहीत, असे आम्ही सांगितले. त्याने पुढे काही विचारले नाही. आम्हीही अधिक बोललो नाही. त्या माता मुलीचा हात धरून फलाटाच्या टोकापर्यंत गेल्या, जेथून पूर्वेस यार्मुकची दरी दिसते, आणि बराच वेळ तेथे उभ्या होत्या.

दोन दिवसांत सायकलवर सुमारे ६० किलोमीटर झाले. बारा वर्षांवरील सरावाच्या मुलास हे झेपते. शिरस्त्राण अठरा वर्षांखालील सर्वांना सर्वत्र, व शहराबाहेरील रस्त्यांवर मोठ्यांनाही कायद्याने आवश्यक आहे. पाणी माणशी तीन लिटर घ्यावे. शावुओथनंतर या खोऱ्यात दुपारी सायकल चालविणे शहाणपणाचे नाही. सीमेजवळ जाण्यापूर्वी त्या दिवशीच्या सूचना अवश्य ऐकाव्यात.

ज्यांना एवढा प्रवास नको त्यांच्यासाठी जेरुसलेममध्ये सोपी वाट आहे. याफो-जेरुसलेम रेल्वे १८९२ साली सुरू झाली. तिच्या शहरातील जुन्या मार्गावर आता पहिल्या स्थानकापासून मल्हापर्यंत रेल्वे उद्यान केलेले आहे. रूळ जागेवर ठेवून त्यांच्याकडेने सायकलची व पायी चालण्याची वाट काढली आहे. तेथे सपाटी आहे, बाके आहेत, व आजोबांना काठी टेकीत रुळांमधून चालता येते. पेसाहनंतर एखाद्या सकाळी तेथे जाण्याचे ठरत आहे. या वेळी मोजमापाची पट्टी आपण स्वतः आणणार, असे त्यांनी कळविले आहे.