लहान गाव: शिवेचं आणि माणसांचं

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. गाव म्हणजे काय? त्यातही शंभर-दीडशे उंबऱ्यांचं लहान गाव सरकारी कारभारात नेमकं कुठे बसतं? तत्त्वज्ञानात आपण व्याख्येपासून सुरुवात करतो. इथे गंमत अशी की महाराष्ट्रात गावाच्या दोन व्याख्या चालतात, आणि त्या एकमेकींशी जुळतातच असं नाही.

पहिली महसुलाची. महसुली गाव म्हणजे शीव, नकाशा, गट नंबर, सातबारा. त्यात माणूस असलाच पाहिजे अशी अट नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात ४० हजारांहून जास्त वस्तीची गावं होती, आणि वर अडीच हजारांहून जास्त गावांत एकही माणूस राहत नव्हता. जुन्या दप्तरात अशा गावाला बेचिराग म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. दिवा नाही, पण नकाशा आहे, सातबारे आहेत, तलाठ्याच्या सजात नाव आहे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. लोक तलाठीच म्हणतात, आपणही तेच म्हणू.) याच्या उलट, पिढ्यानपिढ्या नांदती असलेली तीनशे माणसांची वाडी महसुली गाव नसू शकते. कागदावर ती कोसभर लांबच्या गावाचा तुकडा असते.

आता पंचायत. इथे हिशेब जमिनीचा नाही, डोक्यांचा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली दीड हजारापर्यंत लोकसंख्येला ७ सदस्य, तीन हजारांपर्यंत ९, असं वाढत जास्तीत जास्त १७. पण प्रत्येक गावाला स्वतःची पंचायत नाही. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. म्हणजे उरलेली गावं कुणाच्या तरी गट ग्रामपंचायतीत.

एक उदाहरण धरून चालू. ९००, ४०० आणि १५० वस्तीची तीन गावं, मिळून १४५०, सदस्य ७. एका सदस्यामागे साधारण २०७ डोकी आली. दीडशेच्या गावाच्या वाट्याला एक पूर्ण जागाही येत नाही. शेजारच्या गावाबरोबर त्याचा वॉर्ड जोडला जाणार. सरपंच थेट निवडायचा, तोही गटातल्या सगळ्यांनी मिळून, म्हणजे नऊशेचं गाव ठरवणार. यात कुणी लबाडी केलेली नाही बरं का! गणित सरळ आहे. पण पाण्याची टाकी कुठे, रस्ता आधी कुणाचा, हे ठरवताना दीडशेंचं म्हणणं ऐकायचं की नाही, ते मोठ्या गावाच्या मनावर राहतं.

दुसरी व्याख्या १९९६ च्या पेसा कायद्यातली. आम्हाला ती मोलाची वाटते. एक वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या परंपरेनुसार आपला कारभार पाहतो, ते गाव. इथे सुरुवात माणसांपासून आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यातले मतदार ठराव करून स्वतंत्र गाव जाहीर करण्याची मागणी करू शकतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही या भागांसाठी हीच व्याख्या घेतली.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव, तेव्हा लेखा गट ग्रामपंचायतीतलं. सदस्यसंख्येच्या गणितात त्याला फारसं वजन नव्हतं. पण गावाने ग्रामसभा भरवली, निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने घ्यायचे ठरवलं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हा अधिकार पंचायतीतल्या जागांमधून आला नव्हता.

अडचण ही की पेसा फक्त पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्राला लागू. बीडच्या तांड्याला किंवा कोकणातल्या वाडीला तो आधार नाही. त्यांचं वजन अजून डोक्यांवरच ठरतं, आणि तीही २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हाची शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. नियम असा, की त्या सगळ्या काळात जो गावाबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. कोयता घेऊन गेलेली कुटुंबं कारखान्याच्या गावात धरली जाणार, आणि तांड्यावर घराला कुलूप. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ची. त्या फेब्रुवारीतही टोळ्या फडातच असणार.