लॅन्सिंगची पायरी: अमेरिकेतला आमदार वर कसा चढतो

'ही श्रीची इच्छा' या आत्मचरित्रामुळे श्री ठाणेदार हे नाव मराठी वाचकांना उद्योजक म्हणून ओळखीचे आहे. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेले ठाणेदार १९७९ साली अमेरिकेला गेले. २०१८ मध्ये ते मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागायला उतरले आणि हरले. मग दोन वर्षे राज्यात आमदार राहून जानेवारी २०२३ मध्ये ते थेट अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पोचले. हा उलटसुलट प्रवास समजायचा तर तिथल्या आमदारकीचे नियम पाहायला हवेत. माणसाची महत्त्वाकांक्षा आणि हे नियम मिळून तिथली कारकीर्द घडवतात.

पहिली पायरी

मिशिगनचे विधिमंडळ लॅन्सिंग या राजधानीत भरते. खालच्या सभागृहात ११० सदस्य, वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, ३८. दोन्हीकडचे सदस्य मतदार थेट निवडतात. खालच्या सभागृहाची मुदत दोन वर्षांची, सिनेटची चार. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी ३ लाख ९० हजार लोक येतात. मिशिगनमध्ये खालच्या सभागृहाच्या एका मतदारसंघात जेमतेम ९२ हजार. एवढा भाग दारोदार फिरून पिंजून काढता येतो. अर्जासाठी १०० डॉलर शुल्क भरले तरी चालते. म्हणूनच राजकारणात नवखा माणूस बहुधा इथून सुरुवात करतो.

तिकीट कोण देते?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे ते मतदार देतात. ऑगस्टमध्ये प्रत्येक पक्षाची प्रायमरी होते आणि तीत सर्वाधिक मते मिळवणारा नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार ठरतो. मिशिगनमध्ये मतदाराला आधी पक्षाकडे नाव नोंदवावे लागत नाही. मतदानाच्या वेळी कोणत्या तरी एकाच पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे, एवढीच अट. एका पक्षाचा वरचष्मा असलेल्या भागात खरी लढत ऑगस्टमध्येच संपते.

मुदतीची भिंत

१९९२ साली मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून आमदारकीला मर्यादा घातली: खालच्या सभागृहात आयुष्यात एकूण सहा वर्षे, सिनेटमध्ये आठ. त्यामुळे काम जरा अंगवळणी पडते न पडते तोच आमदाराला पुढची जागा शोधावी लागे. अनुभवी माणसे बाहेर पडत आणि सभागृह पुन्हा शिकाऊ होई. २०२२ मध्ये मतदारांनीच नियम बदलला. आता दोन्ही सभागृहे मिळून १२ वर्षे, आणि ती सगळी एकाच सभागृहात काढायलाही मोकळीक आहे.

दोन वाटा, एक निवडणूक

गव्हर्नरपदासाठीची २०१८ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी या व्यवस्थेचा चांगला नमुना आहे. ग्रेचेन व्हिटमर २००१ मध्ये खालच्या सभागृहात आल्या, २००६ मध्ये सिनेटमध्ये गेल्या आणि तिथे विरोधी पक्षनेत्या झाल्या. २०१३ मध्ये गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्य योजनेचा विस्तार झाला, तेव्हा रिपब्लिकन गव्हर्नरच्या साथीने त्यांनी त्यासाठी मते जुळवली. विधिमंडळातल्या १४ वर्षांत कामगार संघटना आणि गावोगावचे कार्यकर्ते त्यांच्या ओळखीचे झाले होते. ठाणेदारांनी खिशातले सुमारे एक कोटी डॉलर प्रचारात घातले. घरोघरी त्यांचे नाव पोचले, तरी ते तिसरे आले. व्हिटमर यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली आणि पुढे त्या गव्हर्नर झाल्या. पैशाने ओळख मिळते. विश्वास मात्र अनेक वर्षांच्या कामातून साठतो.

मग ठाणेदार डेट्रॉइटमध्ये राहायला गेले आणि २०२० मध्ये खालच्या सभागृहावर निवडून आले.

नकाशा बदलला की वाट बदलते

दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखतात. २०२० च्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या मिशिगनच्या जागा १४ वरून १३ झाल्या. सीमा आखण्याचे काम आता तिथे १३ नागरिकांचा स्वतंत्र आयोग करतो. नव्या आखणीत डेट्रॉइटमधला १३ वा मतदारसंघ विद्यमान खासदाराविना मोकळा राहिला. ठाणेदारांनी आमदारकीची पुढची निवडणूक सोडून तिथे अर्ज भरला. प्रायमरीत नऊ जण होते, आणि तिथे दुसरी फेरी नसते. मते विभागली गेली. ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले.

या निकालाची दुसरी बाजूही मोलाची आहे. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या डेट्रॉइटला सुमारे सत्तर वर्षांत पहिल्यांदाच अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. अनेक उमेदवार आणि एकच फेरी असली की असे घडू शकते, आणि ही सल तिथल्या लोकांनी उघड बोलून दाखवली.

अमेरिकेत मतदार झालेले मराठी लोक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीकडे डोळे लावून असतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की त्यांनी ऑगस्टची प्रायमरी आणि राज्याच्या सभागृहाची ती छोटी जागा चुकवू नये. तिथे मते थोडी पडतात, म्हणून एकेका मताला वजन असते. आणि उद्याचे गव्हर्नर आणि खासदार बरेचदा तिथूनच निघतात.