वरच्या पायरीचे भय : ऑनलाइन पोकरविषयी काही गैरसमज

ऑनलाइन पोकरच्या टेबलांची उतरंड मोठी विलक्षण आहे. सर्वांत खालच्या टेबलावर एक आणि दोन सेंटांच्या सक्तीच्या पैजांनी डाव सुरू होतो, तर सर्वांत वरच्या टेबलांवर हीच रक्कम शेकडो डॉलरांच्या घरात जाते. आणि तरीही हातात दोन पाने, टेबलावर उघडी पडणारी पाच पाने, हा नो-लिमिट होल्डेमचा शिरस्ता तळापासून शिखरापर्यंत तसूभरही बदलत नाही. असे असताना एका पायरीवर दीर्घकाळ नफ्यात राहिलेला, खेळाचे मर्म जाणणारा खेळाडू पुढच्या पायरीवर पाऊल टाकताना कचरतो, टाकलेले पाऊल दोन दिवसांत मागे घेतो, आणि या कचरण्याचा अर्थ लावताना स्वतःविषयी व खेळाविषयी अशा काही समजुती करून घेतो, की त्यांच्यामुळे मूळ भयापेक्षा अधिक नुकसान व्हावे.

या समजुतींची छाननी करण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे. पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याने त्याला भारतात कसलीच आडकाठी नाही, असे आजही अनेक जण गृहीत धरून चालतात. वास्तविक 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला सारून पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, आणि देशातील मोठ्या पोकर कंपन्यांनी लगोलग पैशांचे डाव बंद केले. तेव्हा पुढील विवेचन लागू पडते ते ब्रिटनमध्ये, किंवा 2013 पासून परवानाधारक ऑनलाइन पोकर चालू असलेल्या न्यू जर्सीमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला. महाराष्ट्रात बसून खेळू पाहणाऱ्याला नव्हे.

सर्वांत प्रचलित समज असा, की हे भय म्हणजे भित्रेपणा, आणि त्यावर उतारा एकच, धैर्य. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलेल्या उपपत्तीने या समजाचा पायाच काढून घेतला आहे. हानीची झळ तेवढ्याच लाभाच्या आनंदाहून अधिक तीव्र असते, हा मनुष्यमात्राचा धर्म आहे, असे त्यांनी दाखविले, आणि 1992 च्या निबंधात हे प्रमाण सुमारे सव्वादोन पट असल्याचा अंदाज दिला. याचा अर्थ असा, की शंभर डॉलर जिंकणे आणि शंभर डॉलर हरणे या दोन घटना खतावणीत एकमेकींना छेद देत असल्या, तरी मनाच्या हिशेबात बाकी तोट्याचीच राहते. जो खेळाडू वरच्या टेबलावर अस्वस्थ होतो तो दुबळा नसून सर्वसामान्य आहे. उलट, भयाचा लवलेश नसणे ही काही यशाची हमी नव्हे. स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम 2009 च्या अखेरीस ‘इसिल्डुर वन’ या टोपणनावाने जगातील सर्वोच्च टेबलांवर उतरला तेव्हा त्याच्या निर्भयतेने सारे पोकरविश्व स्तिमित झाले होते. परंतु त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला 13,56,946 डॉलरांचा, ऑनलाइन खेळातील तोवरचा सर्वांत मोठा पॉट (एका डावातील पैजांची जमा रक्कम) त्याने पॅट्रिक अँटोनियसकडे गमावला, आणि 8 डिसेंबरला, त्याच्या जुन्या डावांचा बारकाईने अभ्यास करून आलेल्या ब्रायन हेस्टिंग्जने एकाच बैठकीत त्याच्याकडून सुमारे 42 लाख डॉलर जिंकले. धैर्य तेथे उणे पडले नव्हते.

भयाचे नुकसान नेमके कोठे होते, हे एका डावात पाहावे. सक्तीच्या पैजा 0.25–0.50 डॉलर असलेल्या टेबलावर 50 डॉलर घेऊन खेळणारा गडी आज प्रथमच 0.50–1 च्या टेबलावर 100 डॉलर घेऊन बसला आहे. हातात एक्का आणि राजा. टेबलावर राजा, सत्ती, दुर्री, नव्वी आणि शेवटी तिर्री. पॉटमध्ये 55 डॉलर आहेत आणि प्रतिस्पर्धी 40 डॉलरांची पैज लावतो. पैज स्वीकारायची तर 40 देऊन 95 मिळण्याचा संभव आहे, म्हणजे सुमारे 30 टक्के वेळा आपला हात सरस ठरत असेल तर स्वीकार रास्त होय. खालच्या टेबलावर 27.50 च्या पॉटवर 20 ची पैज आली असती, प्रमाण अगदी हेच असते, आणि त्याने क्षणभरात ती स्वीकारली असती. पण आता त्याला प्रमाण दिसत नाही. त्याला चाळीस डॉलर दिसतात, त्या चाळीस डॉलरांत घरचा आठवड्याचा किराणा दिसतो, आणि तो पाने टाकून देतो. स्वीकार रास्त असताना पाने टाकली, तर पैसे वाचले असे त्याला वाटले, तरी सरासरीने तो हरतच असतो. पुढे तो ब्लफ करणेही सोडतो, आणि हे ओळखायला जाणत्या प्रतिस्पर्ध्याला अर्धा तासही लागत नाही. यावर उपाय साधा आहे : बहुतेक पोकर प्रणालींत रकमा डॉलरांऐवजी बिग ब्लाइंडांत, म्हणजे त्या टेबलावरील मोठ्या सक्तीच्या पैजेच्या पटीत दाखविण्याची सोय असते, ती चालू करावी, आणि एरवी चार टेबले एकदम खेळण्याची सवय असेल तर नव्या पायरीवर काही काळ एकाच टेबलावर बसावे, म्हणजे घाबरलेल्या मनालाही विचारापुरता अवकाश मिळतो.

दुसरा समज पहिल्याच्या उलट दिशेचा आहे. एखादा महिना उत्तम गेला, की आपण खालची पायरी जिंकली असे खेळाडूला वाटते आणि तो चढतो. येथे गणिताकडे वळणे अपरिहार्य आहे. समजा, एखाद्याचा खरा नफा दर शंभर डावांमागे 5 बिग ब्लाइंड आहे, जो उत्तम म्हणावा असा दर झाला. आणि सहा जणांच्या टेबलावर सामान्यतः आढळते त्याप्रमाणे शंभर डावांमागचे प्रमाणित विचलन, म्हणजे नफ्या-तोट्यातील चढउतारांचे माप, 90 बिग ब्लाइंड आहे. दहा हजार डावांनंतर त्याचा अपेक्षित नफा 500 बिग ब्लाइंड होतो, पण त्याच मुदतीतील विचलन 900 असते. म्हणजे खरोखरीचा चांगला खेळाडूसुद्धा दहा हजार डावांअखेर तोट्यात असण्याचा संभव सुमारे 29 टक्के, आणि याच न्यायाने सुमार खेळाडू तेवढ्या काळात खुशाल नफ्यात असू शकतो. एक लाख डावांनंतर मात्र त्या चांगल्या खेळाडूच्या तोट्याचा संभव 4 टक्क्यांवर येतो. जमाखर्चाची वही इतकी लांब झाल्याखेरीज तिच्यावरून चढण्याचा निर्णय घेणे म्हणजे नाणेफेकीवर विसंबण्यासारखे आहे, आणि वरच्या टेबलावर वाटणाऱ्या भीतीचा मोठा भाग या अपुऱ्या पुराव्याच्या अंधुक जाणिवेतूनच येत असतो, असे माझे मत आहे. अशा वेळी ती भीती खरे बोलत असते.

वीस बाय-इन साठले की चढावे, हा नियम खेळाडूंच्या तोंडी इतका बसला आहे, की त्यामागचा हिशेब कोणी विचारीत नाही. बाय-इन म्हणजे टेबलावर बसतानाची रक्कम, बहुधा 100 बिग ब्लाइंड. वीस बाय-इनची गंगाजळी म्हणजे 2,000 बिग ब्लाइंड. मघाच्याच उदाहरणातील खेळाडूची ही संपूर्ण गंगाजळी कधी तरी बुडण्याचा संभव 8 टक्क्यांहून थोडा अधिक येतो, आणि गंगाजळी चाळीस बाय-इनची केली तर तो एका टक्क्याच्या आत उतरतो. पण वरच्या पायरीवर प्रतिस्पर्धी अधिक तयारीचे असल्याने नफ्याचा दर 5 वरून 2.5 वर आला, तर वीस बाय-इनने 29 टक्के वेळा सर्वनाश होईल. नियम तोच, गंगाजळी तीच, आणि धोका जवळजवळ साडेतीन पट.

अर्थात या साऱ्या आकडेमोडीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही, की खेळाडू कधीच खाली उतरणार नाही. खाली उतरणे म्हणजे पराभवाची कबुली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण उतरण्याचा मार्ग मोकळा ठेवला की आताच मोजलेले धोके पार बदलून जातात. पोकरपटू ख्रिस फर्ग्युसनने 2006 मध्ये शून्य डॉलरांपासून 10,000 डॉलरांपर्यंत जाण्याचा जो प्रयोग आरंभला आणि पुढे तडीस नेला, त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत : एकूण गंगाजळीच्या 5 टक्क्यांहून अधिक रक्कम कोणत्याही टेबलावर न्यायची नाही, मोठ्या स्पर्धेत 2 टक्क्यांहून अधिक प्रवेशशुल्क भरायचे नाही, आणि टेबलावरील रक्कम गंगाजळीच्या 10 टक्क्यांवर गेली की उठायचे. गंगाजळी घटली, की या नियमांनी आपोआप खालचे टेबल प्राप्त होते. तेथे मानापमानाला जागाच उरत नाही. चढतानाही तीन बाय-इन गेले तर परत खाली यायचे, असे आधीच लिहून ठेवलेल्या माणसाला तो तिसरा बाय-इन हरताना फारसे काही वाटत नाही, कारण निर्णय शांत मनाने पूर्वीच झालेला असतो.

एकदम मोठी उडी घेण्याचे समर्थन करणारे नेहमी ख्रिस मनीमेकरचा दाखला देतात. टेनेसीतील या हिशेबनिसाने 2003 मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा, 839 स्पर्धकांतून, 25 लाख डॉलरांसह जिंकली. पण त्या स्पर्धेचे 10,000 डॉलर प्रवेशशुल्क त्याने खिशातून भरले नव्हते; 86 डॉलरांच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून त्याला ती जागा मिळाली होती. त्याने धोक्यात घातली ती तेवढीच रक्कम.

वरच्या टेबलांवरची पाने वेगळी पडतात, तेथे यंत्रच फसविते, अशीही एक कुजबुज असते. सरमिसळीचे यंत्र टेबलाची पायरी पाहत नाही, आणि एक्क्यांची जोडी सर्वत्र 221 डावांतून सरासरी एकदाच येते. अल्टिमेटबेट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या संस्थांत 2007–08 च्या सुमारास जी फसवणूक उघडकीस आली, तिच्यात आतल्या माणसांना इतरांची पाने दिसत होती; पानांचे वाटप बदललेले नव्हते. उलट, दर पॉटमधून कापला जाणारा रेक बिग ब्लाइंडांच्या मानाने खालच्या टेबलांवरच अधिक जाचक असतो, आणि लगतच्या दोन पायऱ्यांवर पुष्कळदा तीच नावे दिसतात. फरक एवढाच, की वर पुनःपुन्हा वाढवून पैज लावण्याचे प्रमाण अधिक आणि चुकांना मिळणारी क्षमा कमी.

एका भयाचे मात्र निवारण करू नये. टेबलावर नेलेला पैसा घरभाड्याचा, फीचा किंवा उसनवारीचा असेल, अथवा गेलेली रक्कम भरून काढण्यासाठीच चढण्याची ओढ लागली असेल, तर ती भीती जे सांगते तेच करावे. अशा वेळी न्यू जर्सीत एका किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला ऑनलाइन जुगारातून वगळून घेण्याची अधिकृत नोंद करता येते; ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’वर सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे अशी मुदत निवडता येते, ती तेथील सर्व परवानाधारक ऑनलाइन संस्थांना बंधनकारक असते, आणि मुदत संपण्यापूर्वी ती रद्द होत नाही.