बाळंतिणीला ‘बाहेरचं’ लागत नाही

ओली बाळंतीण गप्प झाली, रात्र रात्र जागू लागली, बाळाकडे पाठ करून पडली, की नगरकडच्या खेड्यांत अजूनही कुणीतरी म्हणतंच, ‘बाहेरचं लागलंय.’ मग अंगारा, उतारा. खरा घोटाळा असा, की या एकाच शब्दात तीन वेगळी दुखणी कोंबली जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू निम्म्याहून अधिक आयांना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. नैराश्य मात्र महिनोन्‌महिने टिकतं, उपचार मागतं. तिसरं दुखणं हजारात एक-दोघींना होतं: झोप उडते, भास होतात, बोलणं असंबद्ध होतं. तिथे उताऱ्यात एक दिवसही घालवू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आई आणि बाळ, दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो.

‘हे शहरी चोचले आहेत’ हेही खोटं. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्क्यांना नैराश्य होतं. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती आणि मुलगी होणंही होतं. बाधा म्हणायचीच, तर ती घरातलीच.

औषध सुरू केलं की बाळाचं दूध तोडावं लागतं, ही भीती अनेक आयांना उपचारांपासून लांब ठेवते. सर्ट्रालिनसारखी औषधं दुधात फारच थोडी उतरतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर पाजता येतं. दाखल व्हावं लागलं, तरी ताटातूट अटळ नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. प्रभा चंद्र यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये आई-बाळाला एकत्र दाखल करणारा कक्ष उभा राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये, असंच सांगितलं आहे.

आणि ‘त्यासाठी मोठा डॉक्टरच लागतो’? मोठ्या आजाराला लागतोच. पण एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो, त्यामुळे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरच्याही नजरेतून हे निसटू शकतं. शिक्षणातली ही उणीव मला फार गंभीर वाटते. ओळखण्याचं काम मात्र आणखी जवळच्या माणसालाही शिकवता येतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात एकूण आरोग्याच्या कामात असंच केलं. अक्षरओळखही नसलेल्या बाया तिथे गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. गोव्यात तर गावातल्याच प्रशिक्षित ‘सख्यां’नी नैराश्यातल्या गरोदर बायांना बाळंतपणानंतरही बोलतं ठेवलं. बाळंतिणीचं नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबरा प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा, अवघड वाटला तरी गाळायचा नाही.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहावा आठवडा, गोव्यातल्या आयांना विचारलं गेलं तोच काळ. त्या भेटीत दहा मिनिटं आईला द्यावीत, सासूला जरा बाहेर बसवून. अडचण दिसली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर बोलता येतं, मराठीतही.