बोलायला शिकवणारी पदवी

कतारमध्ये मे महिना म्हणजे दोन गोष्टी ठरलेल्या. एक, चाळिशी ओलांडून पुढे निघालेला पारा. दुसरी, बारावीचा निकाल. दोह्यातल्या भारतीय शाळांचा निकाल लागला की मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "पुढे काय?" मी कॉम्प्युटर इंजिनीअर, त्यामुळे माझ्याकडे येणारे फोन साधारण एकाच छापाचे असतात. "एआय घेऊ दे की डेटा सायन्स?" मला जे सुचतं ते मी सांगतो. पण हल्ली सोबत आणखी एक नाव सुचवतो: बीएएसएलपी. मग पलीकडे दोन सेकंद शांतता.

बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी हे त्याचं पूर्ण नाव. ऐकण्याचे आणि बोलण्याचे दोष तपासून त्यांवर उपचार करायला शिकवणारी ही पदवी. माझा या विषयाशी संबंध आला तो मुलामुळे. तो दोह्यातच जन्मला. जन्मानंतर लगेच झालेल्या श्रवण चाचणीत दोन्ही कानांबाबत शंका आली, पुढे 'बेरा' तपासणीत ती खरी ठरली आणि चौथ्या महिन्यात त्याच्या कानांवर श्रवणयंत्रं बसली. या क्षेत्रात १-३-६ असा एक नियम सांगतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. कारण पहिली दोन-तीन वर्षं मेंदू भाषा टिपत असतो. तेव्हा आवाज पोचला नाही, तर नंतर दुप्पट मेहनत करूनही भरपाई अवघड जाते.

तेव्हापासून आमच्या घरात सकाळ सहा आवाजांनी सुरू होते. मुलाच्या पाठीमागे उभं राहून आम्ही आ, ई, ऊ, म, श, स म्हणतो आणि त्याने तसंच म्हणून दाखवायचं. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने बसवलेली ही चाचणी. यातला 'म' खालच्या पट्टीतला, 'स' सगळ्यांत वरच्या. सहाही आवाज आले की बोलण्याची सगळी पट्टी कानापर्यंत पोचते आहे असं समजायचं. एखाद्या दिवशी 'स' गळाला तर आधी बॅटरी बघायची.

खरा पेच भाषेचा होता. इथल्या एका क्लिनिकमध्ये आम्हाला सांगण्यात आलं, "घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळेल." म्हणजे साताऱ्याच्या आजीने रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलायचं कसं? आम्ही दुसरीकडे विचारलं. दुसऱ्या थेरपिस्टबाईंनी शांतपणे समजावलं की दोन भाषांमुळे वाचादोष होतो किंवा वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. आईवडिलांना जी भाषा मनापासून आणि भरपूर बोलता येते, तीच घरात बोलावी. मराठी राहिली. पण त्यांना स्वतःला मराठी येत नव्हती. इंग्रजी तक्त्यावर 'ळ' नाही, 'ण' नाही, 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा असतो हे त्या तक्त्याला ठाऊक नाही. मुलगा 'बाळ'ला 'बाल' म्हणतो ते वयामुळे की न ऐकू आल्यामुळे, हे मराठी कान असलेला माणूसच सांगू शकतो. शेवटी पुण्यातल्या एक थेरपिस्ट ऑनलाइन मिळाल्या आणि शनिवारची सकाळ त्यांची झाली.

हे सगळं जवळून पाहणारी आमच्या मित्राची मुलगी यंदा बारावीला आहे. तिने एकदा विचारलं, "काका, ह्याला नक्की काय लागतं?" तिच्यासाठी जमवलेली माहिती इथे देतो.

भारतात या अभ्यासक्रमावर देखरेख भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची. तिचा कायदा १९९२चा. अभ्यासक्रम चार वर्षांचा: तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच. तिसरा विषय जीवशास्त्र, किंवा परिषदेच्या नियमांत बसणारा गणितासारखा दुसरा. गुण किमान ५० टक्के, आरक्षित वर्गांना सवलत. मात्र महाराष्ट्रात प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत नीटच्या गुणांवर होतात, आणि नीट म्हटलं की जीवशास्त्र आलंच. त्यामुळे अकरावीला जीवशास्त्र सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नीटसाठी आता भारतात जावं लागत नाही. २०२२ मध्ये परदेशी केंद्रांच्या यादीत दोहाही आलं.

आखाती मुलांची खरी अडचण पुढे आहे. राज्याच्या कोट्यातल्या जागेसाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम. आमची मुलं मराठी घरातली, आजोळ कोल्हापूर नाहीतर नाशिक, पण गुणपत्रिका दोह्याची. त्यांनी केंद्रीय संस्था, अभिमत विद्यापीठं, एनआरआय जागा आणि इतर राज्यं हे पर्याय आधीच बघून ठेवावेत. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नये.

संस्था कोणत्या? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, जिला महाराष्ट्राच्या एका माजी राज्यपालांचं नाव आहे. मुंबईतच नायर रुग्णालयाचं महाविद्यालय. पुण्यात भारती विद्यापीठ. राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, या क्षेत्रातलं मोठं नाव. कुठलंही कॉलेज घेताना ते आरसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत आहे ना, हे आधी तपासायचं. कारण पदवीनंतर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.

अभ्यास काय असतो? मी अभ्यासक्रम वाचला तेव्हा मला माझंच इंजिनीअरिंग भेटलं. ध्वनीची वारंवारिता, सिग्नल, इलेक्ट्रॉनिक्स. सोबत शरीररचना, मानसशास्त्र, भाषाशास्त्र. पुढे श्रवणयंत्रं, कॉक्लिअर इम्प्लांट, तोतरेपणा, टाळू दुभंगलेली मुलं, स्वमग्न मुलं, पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा, गिळायला त्रास होणारे रुग्ण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे क्लिनिकमधले तास. एका मुलाला एक शब्द म्हणता यायला तीन आठवडे लागू शकतात. तिथे रोज हसतमुखाने बसायची तयारी गुणपत्रिकेत दिसत नाही, पण लागते तीच.

परदेशी नोकरीचं गणितही सरळ सांगतो. कतारमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या हेल्थकेअर प्रोफेशन्स विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी पदवी आणि अनुभवाच्या कागदांची 'डेटाफ्लो'मार्फत मूळ संस्थेकडून पडताळणी होते, परीक्षा असते, प्रमाणपत्रांवर दूतावासाचे शिक्के लागतात. अरबी येत असेल तर इथे पारडं जड होतं. अमेरिकेत नुसत्या पदवीवर भागत नाही. वाचा उपचारांसाठी मास्टर्स आणि श्रवणासाठी 'एयूडी' ही डॉक्टरेट लागते. म्हणजे बीएएसएलपी झालं की लगेच डॉलर, असा हिशेब कुणी मांडू नये.

मग का करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचारांची गरज आहे. हा आकडा मोठा आहे, पण मला त्यापेक्षा आमची शनिवारची सकाळ जास्त पटते. मी लिहिलेला कोड उद्या दुसरा कुणी लिहील, कदाचित मशीनही लिहील. पण एका मराठी मुलाचा 'ळ' कुठे अडतो हे ओळखायला मराठीत वाढलेला माणूसच लागतो, आणि तो दोह्यात, दुबईत, लातुरातही सहज मिळत नाही. आपल्या मुलांची मराठी ही 'घरापुरती भाषा' असं आपण म्हणतो. या व्यवसायात तीच त्यांची सगळ्यांत मोठी पात्रता ठरू शकते.

घरात कुणी विज्ञान शाखेचं, माणसांत रमणारं मूल असेल, तर सुट्टीत गावी गेल्यावर रीतसर परवानगी घेऊन त्याला एखाद्या वाचा उपचार केंद्रात एक दिवस बसू द्या. आवडलं तर ते स्वतःच अर्ज भरेल. मित्राच्या मुलीने जीवशास्त्र ठेवलं आहे. आणि परवा आमच्या चिरंजीवांनी आजीला फोनवर स्पष्ट ऐकवलं, "आजी, मला केळं नको."