अपडेट हवे, ब्राउझर मात्र जुनाच हवा : स्वयंचलित बदल अडवायचा तो कोठे?

दूधविनायक (वाराणसी) : रात्री संगणक बंद करताना त्याने 'अपडेट' होण्याची परवानगी मागितली, ती दिली गेली आणि सकाळी कामाचे संकेतस्थळ उघडेनासे झाले, हा अनुभव देशभरातील छोट्या कार्यालयांना नवा नाही. संगणकासोबत आलेला ब्राउझर कार्यप्रणालीच्या स्वयंचलित सुधारणेने परस्पर बदलला जातो आणि जुन्या ब्राउझरवर बेतलेले काम अडून बसते. असा बदल रोखता येतो. परंतु तो रोखण्याच्या भरात संगणकाचे सर्वच अपडेट बंद करून टाकणे महागात पडते, हेही गेल्या काही वर्षांतील घटनांनी दाखवून दिले आहे.

काशीतील दूधविनायक, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा परिसर पेशवेकाळापासून मराठी कुटुंबांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. अशा गल्लीबोळांतील निवासगृहे, छोटे कंत्राटदार आणि अर्ज भरून देणारी दुकाने यांचा कारभार पुष्कळदा एकाच जुन्या संगणकावर चालतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करणे निवासगृहांना बंधनकारक असते. सरकारी निविदा ठरलेल्या मिनिटाला बंद होते. दुसरा संगणक नाही, संगणक विभाग तर नाहीच. मोठ्या कंपनीत ब्राउझर बदलला तर ती गैरसोय असते. येथे दिवसाची कमाई बुडू शकते.

मुळात ब्राउझर बदलल्याने संकेतस्थळ बंद का पडावे? संकेतस्थळे सर्वांसाठी समान असतात, हे पूर्वी केवळ तत्त्वतः खरे होते. विंडोज एक्सपीसोबत २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला आणि पुढील अनेक वर्षे भारतातील बहुतेक कार्यालयांसाठी 'इंटरनेट' म्हणजे तेच निळे 'ई' हे चिन्ह होते. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन ओळखण्यासाठी अनेक सरकारी आणि बँकिंग संकेतस्थळांनी अ‍ॅक्टिव्हएक्स किंवा जावा अ‍ॅपलेट वापरले. यांपैकी अ‍ॅक्टिव्हएक्स केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालत असे. जावा अ‍ॅपलेटला ज्या जोडणीची गरज होती, ती क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये काढून टाकली. त्यानंतर टोकनधारकांकडे जुन्या एक्सप्लोररवाचून फारसा पर्यायच उरला नाही.

मराठी वाचकांना याच अवलंबित्वाचे आणखी एक रूप आठवत असेल. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा फॉन्ट पानासोबतच पाठवीत असत. त्यासाठी वापरला जाणारा ईओटी हा प्रकार इंटरनेट एक्सप्लोररपुरताच मर्यादित होता. महाराष्ट्रापासून दूर, काशीत किंवा परदेशात बसून मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याने दुसरा ब्राउझर उघडला, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसे. ब्राउझर बदलणे म्हणजे वाचनही गमावणे, असा तो काळ होता.

अपडेट अडविण्याची अधिकृत सोय याच काळात सुरू झाली. इंटरनेट एक्सप्लोरर ७ ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो स्वयंचलित अपडेटद्वारे पाठविण्याचे मायक्रोसॉफ्टने ठरविले. कंपन्यांना आपापल्या प्रणाली तपासून घेण्यास वेळ मिळावा म्हणून मायक्रोसॉफ्टनेच 'ब्लॉकर टूलकिट' उपलब्ध करून दिले. त्याचे काम अगदी साधे होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संगणकाच्या सर्व मांडण्यांच्या नोंदवहीत, ते 'ही आवृत्ती येऊ देऊ नये' अशा अर्थाची एक नोंद करीत असे. विंडोज अपडेट ती नोंद पाही आणि नवा ब्राउझर वगळून उर्वरित सुरक्षा सुधारणा बसवी.

या सोयीच्या दोन मर्यादा मात्र अनेकांच्या लक्षात आल्या नाहीत. एक तर ही बंदी केवळ स्वयंचलित मार्गाला लागू होती. कोणी स्वतःहून नवा ब्राउझर उतरवून घेतला तर नोंद त्याला अडवीत नसे. शिवाय प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी नोंद लागे. सातव्या आवृत्तीला अडविणाऱ्याकडे २००९ मध्ये आठवी आवृत्ती निर्वेध पोहोचू शकत होती. जानेवारी २०१२ पासून मायक्रोसॉफ्टने ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलपासून सुरुवात करून ब्राउझर न विचारता अद्ययावत करण्यास प्रारंभ केला. तेव्हाही ब्लॉकर वापरणाऱ्यांना वगळण्यात आले. २०२० मध्ये जुन्या एज ब्राउझरच्या जागी क्रोमियमवर आधारित नवा एज आला, त्या वेळीही असेच साधन देण्यात आले. परंतु विंडोज १० च्या २०एच२ आवृत्तीपासून नवा एज कार्यप्रणालीतच समाविष्ट असल्याने ते साधन निरुपयोगी ठरले.

आज शोध घेणाऱ्याला ही जुनी साधने आणि त्यांच्या युक्त्या अजूनही सापडतात. त्या करून पाहण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार विंडोज १० च्या प्रचलित आवृत्त्यांवर १५ जून २०२२ रोजी संपला. पुढे १४ फेब्रुवारी २०२३ रोजी तो कायमचा बंद करण्यात आला आणि त्याच्या चिन्हावर टिचकी मारताच एज उघडू लागला. येथे अनेकांची फसगत झाली. हा बदल विंडोजच्या मासिक अपडेटमधून नव्हे, तर एज ब्राउझरच्या स्वतःच्या अपडेटमधून आला होता. ज्यांनी विंडोज अपडेट बंद करून ठेवले होते, त्यांनी वेगळेच दार लावून घेतले होते. त्यांच्याकडे सुरक्षा सुधारणा आल्या नाहीत आणि एक्सप्लोररही राहिला नाही.

सर्व अपडेट बंद करण्याची किंमत काय असू शकते, हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने ज्या त्रुटीतून शिरकाव केला, तिच्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळपास दोन महिने आधीच दिलेला होता. तो न बसविलेल्या संगणकांना झळ बसली. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांचाही त्यांत समावेश होता. त्याआधी जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवरील हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील त्रुटी वापरली गेल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्समधील शासकीय यंत्रणांनी नागरिकांना दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला होता.

अर्थात अपडेटविषयीचा संशय अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या' हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली आणि त्याची झळ मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. त्या दिवशी भारतीय विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. अपडेट येताच डोळे मिटून बसविणे आणि ते कायमचे बंद करणे यांच्या मधली जागा म्हणूनच उपयोगी ठरते. विंडोज १० मध्ये अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबविता येतात. निविदेचा किंवा विवरणपत्राचा अखेरचा आठवडा निभावून नेण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.

जुन्या संकेतस्थळाचे काय करावे, याचे उत्तर आता एज ब्राउझरमध्येच आहे. त्यात 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' नावाची सोय असून तीत पान जुन्या इंजिनावर उघडते. एक्सप्लोररची खिडकी बंद झाली असली, तरी हे इंजिन विंडोजमध्ये अद्याप शाबूत आहे. एजच्या सेटिंग्जमधील 'डीफॉल्ट ब्राउझर' या भागात जाऊन संकेतस्थळे या मोडमध्ये पुन्हा उघडण्यास अनुमती द्यावी, ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि हव्या त्या पानाचा पत्ता तेथील यादीत टाकावा. अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालणारी पानेही यात उघडू शकतात. मोठ्या संस्थांना हीच यादी धोरणाद्वारे एकदाच सर्व संगणकांवर लागू करता येते.

हे बाहेरून कोणतेही ब्लॉकर आणून बसविण्यापेक्षा सुरक्षित आहे, कारण जुने इंजिन केवळ यादीतील पानांपुरते जागे होते आणि इतर सर्व व्यवहार अद्ययावत ब्राउझरमध्ये चालतात. जुन्या आवृत्तीच्या नावाने अनोळखी ठिकाणांहून उतरविलेल्या फायलींबाबत असा भरवसा देता येत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन जोडलेल्या संगणकावर तर त्या टाळाव्यातच.

प्रश्न केवळ विंडोजचा नाही. उबंटू या लिनक्स प्रणालीने एप्रिल २०२२ च्या आवृत्तीत फायरफॉक्सचे नेहमीचे पॅकेज काढून त्या जागी 'स्नॅप' स्वरूपातील पॅकेज दिले. तेथे पॅकेजला प्राधान्यक्रम लावून, म्हणजे 'पिन' करून, बदल रोखता येतो. त्यात उर्वरित प्रणालीचे अपडेट सुरूच राहतात.

जुन्या संगणकांपुढे आता आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विस्तारित सुरक्षा सुधारणांसाठी नोंदणी केलेल्या वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असल्याने अनेक जुनी यंत्रे त्यासाठी पात्रच ठरत नाहीत. विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर वेगळा मिळत नसला, तरी एजमधील मोड तेथेही चालतो आणि तो किमान २०२९ पर्यंत सुरू ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.

घरगुती वापरकर्त्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. यादीत टाकलेले पान मुळात ३० दिवसांपुरतेच या मोडमध्ये उघडते. त्यानंतर नोंद पुन्हा करावी लागते. महिन्याभरापूर्वी व्यवस्थित चाललेले संकेतस्थळ अचानक अडले, तर अपडेटला बोल लावण्यापूर्वी ही मुदत तपासून पाहावी.